नाक्यावरची सात मिनिटं

दादांच्या सायकल दुकानातली भाड्याची वही.
मागून उघडली की त्याच जांभळ्या शाईत:
कुरापाटी नागय्या. सोलापूर-तुळजापूर, जाऊन येऊन.
सत्तावीस साल, चौथा, चेन तुटली.
अठ्ठावीस, दुसरा.
एकोणतीस, पहिला. आणि पुढं बारीक अक्षरात: उधारी माफ.

जुन्या मिलमध्ये साच्यावर होता, रात्रपाळीला.
भोंगा झाला की कानातला कापूस काढायचा,
खांद्यावरून दोन ट्यूबा फुलीसारख्या टाकायचा
आणि रूपाभवानीवरून उजाडायच्या आत पार.
ही ढब त्यानं एका कात्रणावरून उचललेली.
विलायती रंगाच्या डब्यांना गुंडाळून आलेला कागद,
त्यात कुणी शर्यतवाला, तोंडभर चिखल,
नुसते डोळे आणि दात.
खालचं नाव खात्यात कुणाला लागलं नाही.
जॉबरला एकच शब्द लागला: बेल्जम.
म्हणाला, तिथंही मागच चालतात.
नागय्यानं तेवढंच धरून ठेवलं.

अठ्ठावीसची गोष्ट दादा रंगवून सांगायचे.
तामलवाडीशी निजामाची हद्द, आडवा बांबू.
पुढचे दोघे सुटले, ओळखीचे असावेत.
ह्याला धरलं. पिशवीत काय?
भाकरी. शेंगाचटणी.
जकात नाही, पण उघडून दाखव.
जमादारानं चाखली,
पाणी मागवलं,
पुन्हा चाखली.
सात मिनिटं!
पाच त्यानं घाटात भरून काढली.
पुढच्या वर्षी उपाशीच गेला.

तीस सालाचं पान कोरं.
रस्त्यावर गोरे शिपाई, मार्शल लॉ,
डोक्यावरची टोपी पाहून माणूस उचलायचे.
त्या पानावर दादांनी पेन्सिलीनं हवेचा पंप काढलाय,
बहुतेक दुकान बंद होतं म्हणून.

एकतीस: पडला. मनगट.
पुढं काही नाही.
तुटला धागा सांधताना बोटं थरथरायला लागली,
तेव्हा साच्यावरून काढून गेटावर बसवला, बिल्ले वाटायला.

मी पाहिला तो म्हाताराच.
कॅरियरवर साड्यांचं गाठोडं
आणि सायकल हातात धरून चाललेला.
बसत का नाही, विचारलं,
तर म्हणाला, बसलं की घाई होते, रा.

कात्रण वहीतच आहे.
आता ते नाव वाचून देणारा मिळेल कुणीतरी.
मी अजून नेलेलं नाही.