पत्ता : ठाणे

माझं लग्न बार्शीला लागलं.
मांडवात मामेसासऱ्यांनी विचारलं, कुठली गं तू?
मी म्हटलं, ठाण्याची.
एकदम हसू पिकलं.
कुणी कानशिलाजवळ बोट फिरवलं,
कुणी म्हणालं, ‘बरी सुटली म्हणायची!’
आपल्या गावाचं नाव आपल्या पाठीमागे
बाहेर काय काय करून येतं, ते तेव्हा कळलं.
आमच्याकडे तलाव आहेत, असं सांगणार होते.
राहिलं.

संसार मात्र इथलाच. नोकरीही लागली
ती नेमकी तिथेच, नोंद विभागात.
वागळे इस्टेटवरून बस.
कंडक्टर ओरडतो, ‘मेंटल कोण आहे?
चला, मेंटलवाले पुढे या!’
पहिल्या आठवड्यात मी मान खाली घालून उतरायचे.
आता उरलेले दोन रुपयेही मागून घेते.

फाटकावरची पाटी तीनदा रंगवली म्हणतात.
ऊन कललं की नव्या लांबलचक शब्दाखालून
जुना आखूड शब्द वर येतो,
आधी मात्रा, मग ‘ड’चं पोट.
परवा जिन्यात पाटणकर काकू म्हणाल्या,
‘आमच्या मृण्मयीला ना, कथकचं वेड आहे,’
आणि हातावर पेढा ठेवला.
तोच शब्द.
मी पेढा खाल्ला.

माणसं येतात. ‘ठेवायचं आहे’ म्हणतात,
ट्रंक असावी तसं.
कुणी ‘सोडायला आलोय’ म्हणतं, जसं शाळेत, एसटीवर.
‘टाकायचंय’ असं तोंडावर कुणी म्हणत नाही,
ते आम्ही म्हणतो, डबा खाताना.
मी वहीत लिहिते, ‘दाखल’.
दाखल म्हटलं की कुणाचाच हात दिसत नाही.

नवी होते तेव्हा शेवटच्या रकान्यात
एकदा नुसतं ‘गेली’ लिहिलं होतं.
घैसास बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं,
‘घरी गेली, की गेली?’
तेव्हापासून ‘घरी’ विसरले नाही.
लिहायची वेळ फारशी येत नाही, एवढंच.

ठकूबाई सांगळे, सिन्नरकडच्या. अकरा वर्षं.
डॉक्टरांनी कागद केला : बरी.
मी भावाला फोन लावला. मागे ट्रॅक्टर चालू होता.
‘रंभाजी, तुमची बहीण बरी आहे.’
‘हां, बरीये ना,’ तो म्हणाला,
‘बरीये तिथंच.’
ट्रॅक्टरचा आवाज तुटला.

मी कागदावरच्या त्या दोन अक्षरांकडे बघत बसले.
मी दार म्हणून उघडलेला शब्द
त्याने कडी म्हणून लावून घेतला होता,
आणि शब्दाला त्याचं काहीच नव्हतं.

ठकूबाई खिडकीशी पावटे सोलत होत्या.
‘काय म्हन्ला?’
‘रेंज नव्हती,’ मी म्हटलं.
त्यांनी चार शेंगा सोलल्या. पाचवी किडकी निघाली.
‘मंग त्या पत्त्याच्या खान्यात काय लिव्हता आता?’
‘ठाणे,’ मी म्हटलं, जरा बिचकतच.
वाटलं, आता बोट फिरेल.

‘चांगलं हाये की!’ त्या म्हणाल्या.
‘आमच्याकडं ठाणं म्हंजी देवीची जागा.
शेंदूर लावेल दगुड, बाकी काय न्हाई.
पन सडक आली तरी हालवीत न्हाईत त्याला,
सडक वळून जाती.
लिव्हा. नीट लिव्हा.’

मी लिहिलं. नीटच लिहायला गेले,
तर ‘णे’ची मात्रा लांबली,
वरच्या ओळीत घुसली.
तिथे कुणाचं तरी ‘घरी’ होतं.