निळा कागद

गेल्या हिवाळ्यात कुओपिओच्या बर्फावर
पडले ती नेमकी उजव्या मनगटावर.
हाड सांधलं, प्लास्टर निघालं,
डॉक्टर म्हणाले, हात पहिल्यासारखा झालाय.
छऱ्यांना ते पटेना.

दहा मीटरवर दहाचा गोल, शर्टाच्या बटणाएवढा,
आणि माझे छर्रे डावीकडे, खाली,
घड्याळात सात वाजतात त्या बाजूला.
कधी आठ, कधी साडेसहा.
चुकण्यातही वेळ पाळत नव्हते.

मी दोष दिला डोळ्याला, कॉफीला,
पहाटेच्या पाळीला, बसच्या जड स्टिअरिंगला.
ट्रिगर बदलला. चष्मा बदलला.
लाकडी मुठीचा संशय आला नाही.
अकरा वर्षं ती माझ्याच घामानं काळी होत आली होती,
घरच्या माणसाची झडती कोण घेतं?

ह्युत्तिनेन म्हणाला, डोळे मीट. हात उचल.
श्वास अर्धा सोड. आता बघ.

पुढची माशी मागच्या खाचेत मधोमध नव्हती,
डाव्या भिंतीला टेकून उभी होती,
वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखी.
"तू दर वेळी तिला ओढून मधे आणतेस," तो म्हणाला,
"आणि तू ट्रिगर दाबतेस
तेवढ्यात ती आपल्या जागी परत जाते."

चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या कवळ्या केल्या.
ड्रॉवरमधून काढला तो निळा कागद,
दातांखाली देऊन चावा म्हणतात ना, तो.
मुठीभोवती गुंडाळला.
"धर. एवढी आवळू नकोस,
ती कुठे पळून जात नाहीये."

सोडली.
अंगठ्याच्या बुडाशी डाग, नाण्याएवढा, गडद.
करंगळीच्या टोकाला जेमतेम.
तळव्याच्या खळग्यात काहीच नाही. कोरा.
मग तर्जनी आणि लाकूड यांच्यामधून
त्यानं पावतीचा कपटा सरकवला.
अडकला.
"हे बोट सुटं हवं.
बाकीच्यांनी घर सांभाळायचं,
यानं फक्त दार उघडायचं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे.
उघडली तेव्हा कळलं
तिच्या आत किती हवा होती.

कानस चालली. अक्रोडाचा भुसा त्याच्या मिशीत.
रेडिओवर आइस हॉकी, कुणीतरी हरत होतं.
मग खळग्यापाशी लांबी थापली, थंडगार,
आणि मला हात रुतवून बसवलं, बोलायचं नाही म्हणून.
तेव्हा पाहिलं: त्याचे हात थरथरतात.
कानशीवर थांबतात. पिस्तुलावर नाही.
खिळ्याला त्याची जुनी मूठ टांगलेली,
त्याच्या पस्तिशीच्या बोटांचे खळगे तिच्यात तसेच.
मी विचारलं, नवी का नाही कोरलीस?
"रोज वेगळ्या हातासाठी कोरायची म्हणजे
लाकूड पुरणार नाही, आउने."

लांबी वाळली. पाच छर्रे मारले.
पाचही एका भोकात
आणि ते भोक डावीकडे, सातावर!
मी कपाळाला हात लावला.
तो हसला, त्या दिवसात पहिल्यांदा.
"विखुरलेल्या चुकीला माझ्याकडे औषध नाही.
एका जागची चूक, ती स्क्रूनं निघते."
आणि खाचेचा स्क्रू दोन कट फिरवला,
झाकण घट्ट करावं तसा.

जाताना पुन्हा एकदा निळा कागद. "सवय माझी," म्हणाला.

सोमवारी सहाच्या बसमध्ये
पास दाखवता दाखवता एक आजीबाई थबकल्या,
"पेन फुटलं वाटतं?"
मी स्टिअरिंगवरचा हात उताणा केला.
अंगठ्याच्या बुडाशी आता फिकट, सगळीकडे असतो तेवढाच.
आणि मधे खळग्यात,
जिथे अकरा वर्षं काहीच टेकलं नव्हतं,
निळं.

दार बंद केलं. सिग्नल हिरवा होता.