झिरो

अपडेट उतरायला पावणेदोन तास लागले.
तेवढ्यात भात लावला, टाकी भरली,
वनिताला नाईट ड्यूटीला सीपीआरच्या दारात सोडून आलो.
परत आलो तर पडद्यावर नवे नियम:
आता मारल्याचे गुण मिळणार नाहीत.
जे कराल ते वाढेल.
आणि जे करायचं सोडाल, ते हळूहळू विसराल.

माझा जुना गडी त्र्याहत्तराव्या पायरीवर उभा होता.
सहा वर्षं. किती रानडुकरं, किती सांगाडे,
एक ड्रॅगन तर मी रजा टाकून मारलेला.
त्याची तलवार आता भिंतीवर टांगायची.
हलगी नावानं खेळणारा गडहिंग्लजचा एक जण
कानात म्हणाला, "लई वाईट केलं की रं भावा.
सगळी कमाई पाण्यात."
मी म्हणालो, व्हय.
आणि 'नवीन पात्र'वर बोट ठेवलं.

नाव मागितलं. तीन नावं आधीच कुणी घेतलेली.
चौथं दिलं: कीस.
लेथखाली पडतो, तो.

गोणपाटाचा सदरा, हातात काठी, खिशात अर्धा पाव.
वेशीत कोंबडी दिसली. सवयीनं मारली.
काही वाजलं नाही, काही चमकलं नाही.
नुसती कोंबडी मेली.

पुढे एक कुंभारीण. तिला शंभर कळशा पाणी हवं होतं.
विहीर टेकडीच्या पलीकडे.

उद्यमनगरात आमच्या शेडला नवं मशीन आलंय,
पांढरं, दार लावून चालणारं.
शिकवायला तौसिफ मुजावर, वय तेवीस.
"काका, आधी झिरो घ्या.
झिरो चुकला की पुढचं सगळं चुकतं."
मी चोवीस वर्षं टूल बोथट झालेलं
आवाजावरून ओळखत आलो.
ह्याचं दार बंद. आत काय म्हणतंय ते
काचेवरच्या आकड्यांना विचारायचं.
पहिल्या दिवशी तीन जॉब भंगारात.
मालक काही बोलले नाहीत. तेच लागलं.

गंगावेशीत तालमीत जायचो, नववीत असताना.
वस्तादांनी कुस्ती दिली नाही, फावडं दिलं.
माती उकर, ताक घाल, हळद घाल, परत उकर.
दोन महिने.
तिसऱ्या महिन्यात मी गेलोच नाही.
घरी सांगितलं, गुडघा दुखतोय.
हे वनितालाही ठाऊक नाही.

विसाव्या कळशीला घंटी वाजली: ओझं, दोन.
तिसाव्याला काहीच नाही.
हलगी म्हणाला, "सोड की, दुसऱ्या गावात मासं धरायला मिळत्यात."
मी कीसला लोहाराच्या भट्टीपाशी उभा केला
आणि जेवायला उठलो.
भात खाली लागला होता. खरवडून खाल्ला, ताकाबरोबर.

परत बसलो तर पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ:
ऐकणं, एक.

मी बराच वेळ ती ओळ बघत बसलो.
हलगीला सांगितलं. तो म्हणाला,
"ह्येचा उपयोग काय?"
नियमांच्या पानावर तसलं काही लिहिलेलं नव्हतं.
मीही म्हणालो, म्हाईत न्हाई बाबा.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या दाराला कान लावला
तर तौसिफ हसला. हसू दे.
पत्रा गार होता, आतून कूलंटचा सडा,
आणि त्याच्याखाली कुठंतरी, लांब,
ओळखीचं काहीतरी. खात्री नाही.
कदाचित शेजारच्या शेडचा ग्राइंडर असेल.

पहाटे साडेपाचला वनिताला आणायला निघतो.
वाटेत कट्ट्यावर म्हशी उभ्या,
पेल्यात धार पडताना आधी पोकळ वाजते, मग भरीव.
एक पेला तिथंच पितो, एक तिच्यासाठी बाटलीत.

कीस विहिरीपाशी बसवून आलोय.
एकसष्टावी कळशी
अजून निम्मी आहे.