कडू घास

एकोणीस वर्षं मी राजलक्ष्मी होते.
शेवटच्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, ताई,
जिन्यावर नुसती सावली दाखवू,
पडायचं ती दुसरी मुलगी पडेल.
म्हणजे मी पडलेसुद्धा नाही.
टिकली आरशाला लावली,
चाव्यांचा जुडगा सामानवाल्याला मोजून दिला:
अकरा चाव्या, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या.

आता घाटंजीच्या अलीकडे, भावाच्या ओसरीवर
तुरीच्या हिरव्या शेंगांचे सोले काढतेय.
आत टीव्हीवर माझ्या फोटोला हार घालताहेत.
सून रडतेय. तिला ग्लिसरीन लागत नाही,
ती आपल्या आईला आठवते, मला ठाऊक आहे.

पावणेआठला लाइन गेली.
गावाने माझं तेरावं अर्धंच पाहिलं.

अंधारातून पंचफुला किनाके आली,
पदराखाली टोपलं:
ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा.
"कडू घास हाय बाई.
आज तुमच्या घरी चूल पेटली नसन."
मी हसणार होते. ती हसत नव्हती.

मग जेवलोच दोघी, एकाच ताटात.
ठेचा फार तिखट होता.
तिने कंदिलाची वात थोडी खाली केली,
बराच वेळ काही बोलली नाही.

उठताना म्हणाली,
"पन त्या चाव्या आता कोनापाशी?"

माझा हात कमरेकडे गेला.
तिथे शेंगेचं एक फोलपट
अडकलं होतं.