अठरा की वीस

दुपारी एकला हर्षालीचा व्हिडिओ कॉल.
नॉर्वेत साडेआठ वाजलेत
आणि तिच्या मागची खिडकी अजून काळीच.
"पप्पा, गाडी ठरली. बॅटरीवालीच.
फक्त चाकं सांगा. अठरा इंची घेऊ की वीस?
वीसची दिसतात भारी."

तुर्भ्याला पुलाखाली एकतीस वर्षं
मी चाकं उतरवतोय, चढवतोय.
कांद्याचे ट्रक, केळ्यांचे टेम्पो,
वऱ्हाड घेऊन निघालेली आणि वाटेतच बसलेली इनोव्हा.
उन्हात रबर कसं फुगतं, कुठून फाटतं, ते मला विचार.
थंडीचं काय सांगू?
आमची थंडी
माळ्यावरून स्वेटर काढेपर्यंत संपते.

तरी म्हटलं, उद्या सांगतो.
एकतीस वर्षांनंतर
येत नाही असं एकदम कसं म्हणायचं, तेही लेकीला.

संध्याकाळी मार्केटमागच्या कोल्ड स्टोरेजवर गेलो.
गवारीनाना तिथे रखवालीला.
"काय ठेवायचंय?"
पिशवीतून टायरचा तुकडा काढला,
वीतभर, साइडवॉलचा. आम्ही त्याला कूस म्हणतो.
नानाने तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि मटारच्या खोलीत, वजा अठराला,
दोन खोक्यांच्या फटीत तो सरकवून दिला.
भाडं विचारलं नाही. कारणही नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला
त्याचं जाकीट चढवून आत शिरलो.
चष्मा पांढरा झाला. नाकातले केस ताठ.
तुकडा हातात घेतला, वाकवायला गेलो,
दोन्ही अंगठे लावावे लागले.
ज्या रबराला मी अंधारात, नुसत्या बोटांनी ओळखतो
ते मला ओळख दाखवेना.
मला वाटलं होतं, पाच मिनिटं थांबू.
दोन मिनिटांत दारावर थापा मारल्या.

आणि ही रोज एवढ्या थंडीत
पार्किंगपर्यंत चालत जाते.

एकला मीच फोन लावला.
"अठरा घे, बाय.
चाक बाहेरून तेवढंच भरतं.
रिम वाढली की रबर घटतं,
रबर घटलं की हवेला जागा उरत नाही.
आणि खड्डा सोसते ती हवा. रिम नाही सोसत, रिम वाकते.
बर्फाखालचा खड्डा दिसत नसेल ना गं तिकडे?
त्यात मोठं चाक जड.
बॅटरीच्या ताटात आधीच थंडी बसलीय, हीटर बसलाय,
तिसरा पाहुणा कशाला?
ब्रेकला रिम घासत नाही ना, तेवढं दुकानात बघून घे.
हिवाळ्याचे टायर वेगळे, मऊ रबराचे,
त्यांच्या रिमवर चढवूनच ठेव, दरवर्षी सोलत बसू नकोस.
आणि पारा उतरला की हवा मोज.
थंडीत ती आपसूक उतरते,
कुणी खिळा मारलेला नसतो."

"आणि दिसायला?"
"दिसायला काय. महिन्याभरात दोन्ही चिखलाचीच."

ती हसली. म्हणाली,
"इथला माणूसही हेच म्हणाला. गेल्या आठवड्यात."

मग मला कशाला विचारलंस,
हे मी विचारलं नाही.
लहानपणी दुकानात बसून
ती व्हॉल्वच्या टोप्या मोजायची,
मी आधीच मोजलेल्या.
मोजून झाल्या की आकडा मलाच विचारायची.

मागे जॅकवरचा टेम्पोवाला ओरडत होता,
शेठ, चाक चढवताय की मी झोपू?
मी म्हटलं, ठेवतो गं.

"थांबा," ती म्हणाली, स्क्रीनजवळ येऊन,
"पप्पा, तुर्भ्यात भर दुपारी
जाकीट घालून काय बसलाय?"