नळाचं एक माप

डॉन हेरिबेर्तो काउंटरवर बाटल्या मांडतात,
जॅमच्या, लोणच्याच्या, एक खोकल्याच्या औषधाची.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिलीनं:
नळ. सुपरमार्केट. पवनचक्की.
एसीखालची बादली.

दर शनिवारी, दुकान उघडता उघडता.
मी मीटर बुडवते, ते चष्मा वर सरकवतात.

एसीचं नको, मी म्हणते,
तांब्याच्या नळ्यांवरून ठिबकतं ते,
कोळंबीला तांबं म्हणजे विष.
तांब्याच्या खाणीत एकतीस वर्षं काढलेला माणूस
नुसता हसतो.

नळाचं चारशे सदतीस.
ते तर असणारच. कोलोरॅडोचं पाणी
उघड्या कालव्यातून, उन्हातून, डोंगर चढून
टुसॉनला येतं,
वाटेत जे भेटेल ते सोबत घेऊन.
केटलीचं बूड बघा तुमच्या.
आणि जूनमध्ये, डॉन हेरिबेर्तो,
तुमच्या त्या दप्तराएवढ्या टाकीतून
आठवड्याला चार बोटं पाणी उडतं,
क्षार मात्र बसून राहतात,
वर तुम्ही पुन्हा नळाचंच ओतता.
पहिल्या बारा कोळंब्या अशाच गेल्या.

ते मान हलवतात.
क्लोरीन म्हणजे काय, ते मी समजावते.
कोळशाचं फिल्टर कशासाठी, ते समजावते.
सुपरमार्केटचं ऊर्ध्वपातित: शून्य. पण महाग.
पवनचक्की म्हणजे लॉन्ड्रीशेजारची ती टपरी,
नाणं टाकलं की गॅलनभर गाळलेलं देणारी:
एका शनिवारी एकवीस, पुढच्या शनिवारी नव्वद.
फिल्टर कोण बदलतं, कधी, देव जाणे.

पाचव्या शनिवारी एकच बाटली.
पट्टी कोरी.
मीटर म्हणतो, चार.
मी पुसून पुन्हा बुडवते. चार.

कुठलं हे?

घरचं, म्हणतात. न्हाणीघरातल्या कपाटातलं.
ओफेलियाचं रक्त धुवायला यायचं
त्या मशीनला लागायचं हे पाणी.
मशीन कंपनीनं नेलं. हे विसरले.

मग, बसायला कोणी सांगितलं नसताना, बसतात.

रोज सकाळी पट्टी बुडवायचो, क्लोरीनसाठी.
रंग पालटला तर मशीन जोडायचं नाही.
तीन वर्षं. एकदा पालटला,
कोळसा बदलला, दुपारी दोनला जोडलं.
ती उपाशी थांबली होती.

(चार शनिवार मी यांना
क्लोरीन म्हणजे काय ते शिकवत होते.)

नवी जाळी मागवली, म्हणतात. बसवली.
पहिलं पाणी फेकलं, दुसरंही.
पंप फार ओरडतो.
तो लागला की ती रेडिओ मोठा करायची.
काल लावला,
आणि माझाच हात गेला बटणाकडे.

टपरीतून वीस-वीस किलो का वाहिलं मग, इतके दिवस,
ते मी विचारत नाही.
विचारते ते वेगळंच:
हे असंच नाही ना टाकणार?
इतक्या कोऱ्या पाण्यात कोळंबीला कात टाकता येत नाही,
कवचाला काहीतरी लागतं.

माहीत आहे, म्हणतात.
तिच्या पाण्यातही मशीन मिसळायचंच.
माप सांग.

दोन मापं हे, एक माप नळाचं.
काउंटरवरच करून बघतो, खोकल्याच्या झाकणानं मोजून.
एकशे अठ्ठेचाळीस.
ते कोऱ्या पट्टीवर लिहितात, २ + १,
आणि खाली रेघ ओढतात, हिशेबाला ओढतात तशी.

मी दहा कोळंब्या पिशवीत भरते.
दोन जास्तीच्या, न सांगता. ते मोजतात, न बोलता.

आणि वाया जाणारं? एका गॅलनामागं तीन सुटत असेल.

डाळिंबाला जातं. नळी खिडकीतून
तिनंच काढून दिली होती.
दीड वर्ष कोरडंच उभं होतं ते झाड.

फुटलंय काही?

छे, म्हणतात, दार ढकलत,
पिशवी छातीशी, उन्हाकडे पाठ करून.
बुंध्याशी मुंग्या आल्यात परत.