खुर्चीवरचा टॉवेल

दर सोमवारी मी टॉवेल बदलते.
पांढरा, टर्किश, काठाला निळी पट्टी,
आमच्याच गल्लीत गुंडेट्यांच्या मागावर विणलेला.
आमचा माग विकून अकरा वर्षं झाली,
यांच्या कानात तो अजून वाजतो,
म्हणून हे सगळ्यांशी ओरडून बोलतात.

महापौरांची खुर्ची सागवानी.
डावा हात हलतो तिचा.
खाचेत कागदाची घडी मी घालते.
चार महापौर झाले, घडी तीच.

आत्ताचे पाचवे.
यांच्याबद्दल काय सांगू.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
मधल्या चार दिवसांत यांच्या मेव्हण्याचे टँकर,
हिरवे, मागं ‘आईचा आशीर्वाद’.
पाण्याची चावी कुणाच्या खिशात आहे
हे विड्या वळणाऱ्या बाया सुपातली तंबाखू चाळत
नाव न घेता बोलतात.

आणि मी टॉवेल घरी नेऊन धुते.
दोन घागरी जातात त्याला.

मुरली चिडतो. काय करलालीस अम्मा हे?
त्याच्या मानेचा घाम, अन् पाणी आपलं?
झटक नुसता. नाहीतर चहा सांड थोडा.
अन् तो आला की उभारतीस पण!

उभारते.
गुडघा कुरकुरतो, तरी उभारते.
तो कॉलेजला जातो, त्याला वाटतं आई भिते.
भितेही थोडी. नोकरी आहे.
पण भीतीनं माणूस नुसता उठतो,
पदर नीट करत नाही.
मी पदर नीट करते.
हे त्याला कसं सांगायचं, मला येत नाही.
म्हटलं, टॉवेल त्याचा नाही रे, खुर्चीचा आहे.
म्हणाला, खुर्चीला घाम येतो का?

गड्ड्याच्या सुट्टीत मेव्हणा आला.
कसली फाईल शोधत होता, मिळाली नाही,
मग बसला. तिथंच.
पाय टेबलावर, मोबाईल लांब धरून फोटो.
मी दारात, हातात फडकं.
म्हटलं, उठा.
ओळखत नाहीस का मला?
ओळखते की. बाराशे रुपये टँकर. उठा.
तो हसला, रेलला, डाव्या हातावर जोर दिला
आणि घडी गळून पडली.
खुर्ची अशी करकरली, की बाबा टुणकन उठला,
शर्ट झटकत, जशी काही चावलीच.
मी कागद उचलला, खाचेत बसवला,
टॉवेल उलटा केला.

पुढच्या आठवड्यात अर्ज लिहिला.
लिहिला म्हणजे येमूल क्लार्ककडून लिहून घेतला,
आमच्या गल्लीतल्या चौतीस बायांच्या सह्या, नऊ अंगठे.
येमूल म्हणाला, तक्रार त्यांची, आणि द्यायची त्यांनाच?
वर ‘मा.’ कशाला मग? साधं महापौर लिहू.
म्हटलं, ‘मा.’ राहू द्या.
नाव टाकू?
नाव नको.
त्यानं चष्म्यावरून बघितलं,
‘मा.’पुढचा ठिपका पेनानं दोनदा दाबला.

तो अर्ज बाकीच्या टपालासोबत
ट्रेमधून मीच आत नेला.
ते आले, मी उभारले.
त्यांनी वाचला. सह्यांवरून बोट खाली खाली नेलं,
माझ्या नावावर थांबलं.
पंखा चालू होता. कागद फडफडत होता,
त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला.
मी उभीच.
बस म्हणाले नाहीत. जा पण म्हणाले नाहीत.

माझी बदली झोन ऑफिसला झाली.
घरपट्टीची रांग, एक मोडकं स्टूल,
उभारायला कुणी येत नाही, गुडघ्याला बरं आहे.
टँकर अजून येतात. चौदाशे झालाय.

माझ्या जागी नवी पोरगी आलीय, शकीला.
तिला सांगितलं, डावा हात हलतो,
घडी जाड कागदाची घाल, आठवड्याला बघत जा.
म्हणाली, मावशी, अशा माणसासाठी एवढं?
म्हटलं, तो काय, अडीच वर्षांत जाईल.

एक टॉवेल माझ्याकडंच राहिलाय.
काल पाणी आलं, धुतला.
दोरीवर वाळतोय, मुरलीच्या शर्टाशेजारी.
सोमवारी नेऊन देईन.